एक वजा

खंडेराव : ...नाय बेटा, आत्ता नको. तुझं काय असंल ते उद्या सांग. इथं गॅस सुटलाय.

अदीबा : गॅस? कोल्ड स्टोरेजमध्ये?

खंडेराव : मग काय माझ्या पोटात? अमोनिया सुटलाय. डोळ्यातनं नुसतं पानी गळायलंय. पन तू घाबरू नको. मेन कॉक बाहेरून बंद केला, शटर पाडलं, समदे गेटाबाहेर लिंबाखाली बसलेत. शहरातनं बंब निघालाय. आन मी इथं, माझ्या केबिनीत, गेटचा राजा.

अदीबा : सगळे बाहेर आलेत हे कुणी मोजलं, काका?

खंडेराव : मीच. गेटवरचा वॉचमन कोन हाय? आन तुझं ते चेहरे वळखायचं यंत्र हाय की संगं. स्क्रीनवर आकडा काय, तर ‘आत : एक’. त्यातला एक वजा केला. राहिलं शून्य. साहेबाला म्हनलं, समदे बाहेर. साहेब म्हनला, पाडा शटर.

अदीबा : थांबा. आत एक दाखवतंय?

खंडेराव : तो गोकुळ की गं.

अदीबा : काका, मी तेच सांगायला फोन केला होता. आजपासून एक वजा करायचा नाही.

खंडेराव : आता हे काय नवीन? तूच तर शिकवलंस. काका, दिसंल त्या आकड्यातनं एक कमी करत जा. मी गुमान करत आलो. मला तर लई आवडलं होतं ते. आमच्या धनगराच्या घरी तसंच असायचं. सांजच्याला मेंढरं वाघुरात, जाळीच्या कुंपनात, घेतली की माझा बाप मोजायचा, आन कुनी विचारलं तर एक कमीच सांगायचा. पुरा आकडा तोंडातनं काढला की नजर लागती म्हनायचा. मी म्हनलं, ही पोरगी शिकलेली हाय, तरी आपल्यातलीच निघाली.

अदीबा : काका, आधी शटर उघडायला सांगा.

खंडेराव : उघडू? हुकूम हाय बंद ठिवायचा. वाऱ्याच्या तोंडावर वस्ती हाय, तिथं अंगनवाडी हाय. बंबवाले येतील, त्यांचं ते बघतील.

अदीबा : आत माणूस आहे.

खंडेराव : आत गोकुळ हाय. आन गोकुळ मानूस नाय, हे तूच सांगितलंस. तुझ्या कॉम्प्युटरनं बनवलेलं तोंड हाय ते.

अदीबा : गोकुळ आता नाही. मी त्याला सकाळी पुसला.

खंडेराव : पुसला म्हंजे?

अदीबा : दोन मिनिटं नीट ऐका. ते सॉफ्टवेअर आम्ही बनवलेलं नाही. बाहेरच्या कंपनीचं आहे. ती कंपनी दोन प्रकारचं लायसन्स देते. एक नुसतं डेव्हलपमेंटचं, म्हणजे बसा, जोडा, चुका, परत करा. त्यात खऱ्या माणसांचे चेहरे घालायचे नाहीत, खऱ्या गेटवर लावायचं नाही. दुसरं प्रॉडक्शनचं, म्हणजे खऱ्या कामाचं. त्याला वेगळा करार, वेगळी परवानगी. कळतंय?

खंडेराव : कळायलंय. म्होरं बोल.

अदीबा : पहिल्या प्रकारात कंपनीनं एक खोडा घालून ठेवलाय. एक नमुन्याचा चेहरा द्यावाच लागतो. तो कायम ‘आत’ मोजला जातो. बाहेर काढता येत नाही, पुसता येत नाही. मुद्दामच तसं केलंय, कुणी चोरून खऱ्या कामाला लावलंच तर आकडा कधी जुळू नये म्हणून.

खंडेराव : आन तुम्ही चोरून लावलं.

अदीबा : लावलं. गेटचं उद्घाटन ठरलं होतं आणि खरं लायसन्स आलं नव्हतं. आमचे तौफिकसर म्हणाले, गेट तेच, माणसं तीच, सॉफ्टवेअर तेच, फरक काय पडतो? वॉचमनला एक वजा करायला सांग. मी तुम्हाला सांगितलं.

खंडेराव : म्हंजे लर्निंग लायसन्सवर मानसं भरून टेम्पो हाकला.

अदीबा : हो. तसंच. मला लाज वाटते काका, पण तसंच. मला कॉलेजात हे शिकवलं होतं आणि तरी तेव्हा कळलं नव्हतं. माझ्या टेबलावर ते चुकलं तर मी हसते आणि चहा प्यायला जाते. तुमच्या गेटवर ते चुकलं तर तुम्ही भरवशानं शटर पाडता. एवढाच फरक आहे. आणि आज सकाळी खरं लायसन्स आलं. मी इथून, गारखेड्याच्या ऑफिसातून, चढवलं आणि नमुना पुसला. आता स्क्रीनवरचा आकडा खरा आहे. एक म्हणजे एक.

खंडेराव : तुझं लायसन्स चढलंच नसंल.

अदीबा : चढलंय.

खंडेराव : नसंल चढलं. कारन ते आतून वाजवायलंय.

अदीबा : काय वाजवतंय?

खंडेराव : शटर. थांबून थांबून. मी म्हनलं, मशीन बंद पडलं की पत्रा आवळतो, सुटतो, मग वाजतोच. कडूबा म्हनला, पत्रा नव्हं, गोकुळ हाय तो. पोरं हसली. मग परत वाजलं तवा कुनी हसंना. कडूबानं तर हात जोडले.

अदीबा : या अल्लाह! आतून माणूस शटर बडवतोय आणि तुम्ही हात जोडून बसलात?

खंडेराव : वरडू नको माझ्यावर! मला काय ठावं? तुम्ही लोकांनी आमच्यात एक न दिसनारा आनून बसवला. सकाळी गेट उघडायच्या आधी टुंग वाजतं, हिरवा दिवा लागतो, म्होरं काळं कुत्रं बी नसतं. तू म्हनलीस, सॉफ्टवेअर सवताला तपासतं, त्या नमुन्यावर. असंल. तुझं खरं. पन रोज सकाळी अंधारात हिरवा दिवा लागलेला बघायचा म्हंजे काय, ते तुला गारखेड्यात बसून नाय कळायचं. मग मानूस त्याला नाव ठिवतो. नाव ठिवलं की भ्या कमी व्हतं. मिरच्याचं पोतं सापडंना, गोकुळनं नेलं. पंखा चालू राहिला, गोकुळला उकडत व्हतं. असं करत करत तो आमच्यातलाच झाला. आन आता तू म्हनतीस, तो नाय.

अदीबा : तो नाही. आत दुसरं कुणीतरी आहे. कोण असेल?

खंडेराव : कोनच नाय. मी एकेकाचं तोंड बघितलंय.

अदीबा : नावं आतल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसतात.

खंडेराव : तिकडची लाइट तोडली. गेटवरचं तेवढं इन्व्हर्टरवर हाय.

अदीबा : म्हणून मलाही इथून काही दिसत नाहीये. काका, आठवा. सकाळपासून आज काही वेगळं झालं का? कुठं आकडा चुकला का?

खंडेराव : काय चुकायचं... जेवनात एक ताट कमी पडलं तेवढं.

अदीबा : कसं?

खंडेराव : अप्पाराव जेवन आनतो गावातनं. सकाळी मी त्याला आकडा सांगतो, तेवढीच ताटं येतात. आज एकाला ताट नव्हतं. मी माझं दिलं, माझ्याकडं घरची भाकर व्हती. अप्पाराव म्हनला, खंडेराव, म्हातारा झालास, मोजता येईना तुला.

अदीबा : तुम्ही एक वजा करून सांगितला होता?

खंडेराव : रोजच्यासारखा.

अदीबा : आणि रोज ताटं बरोबर पुरतात?

खंडेराव : रोज पुरतात.

अदीबा : आज एक कमी पडलं.

खंडेराव : आज एक... म्हंजे सकाळपासनंच आकडा खरा व्हता, बेटा.

अदीबा : आज शुक्रवार आहे. कुणी नमाजला गेलं होतं का?

खंडेराव : करीम. कॉम्प्रेसरवाला करीमभाई. फटफटीवर जाताना म्या सवता बघितला त्याला. तो गेला. तो नाय आत.

अदीबा : परत आलेला बघितला?

खंडेराव : मी तवा भाकर खायाला बसलो व्हतो... हनुमान! ए हनुमान! गेटामागं करीमची गाडी हाय का बघ रं!

हनुमान : आहे ना मामा. मघापासून तिथंच उभी आहे. सीट तापून तवा झालीय.

खंडेराव : आरं मग बोलला कामून नाय!

हनुमान : तुम्हीच म्हणले ना, सगळे बाहेर. मशीननं मोजलं म्हणले. मला वाटलं, चाचा कुठंतरी इकडंच असतील, सावलीला.

खंडेराव : मास्क आन तिथला. शटर उघडू. मी जातो आत.

हनुमान : तुम्ही? जिना चढला तरी धापता तुम्ही. द्या इकडं. माझा फोर्कलिफ्ट दिवसभर तिथंच फिरतो, डोळे झाकून सांगेन कुठला रॅक कुठं आहे. वॉकी चालू ठेवा.

अदीबा : हनुमानभाऊ, अंगावर, कपड्यांवर पाणी ओतून घ्या! काका, त्यांना सांगा!

खंडेराव : ओततोय. बादली ओतली. कडूबाला वस्तीवर पळवलाय, दारं-खिडक्या लावा म्हनाव. जा रं हनुमान. खंडोबा हाय पाठीशी.

(फोन चालूच आहे. यापुढं हनुमानचा आवाज वॉकीटॉकीवरून येतो.)

हनुमान : शटरजवळ आलो, मामा. अजून वाजतंय. ऐकू येतंय का?

अदीबा : मला ऐकू येतंय. काका, मला इथं ऐकू येतंय ते.

खंडेराव : आवाज दे त्याला.

हनुमान : करीमचाचा! मागं सरका, शटर वर घेतोय! ...थांबलं. वाजायचं थांबलं.

खंडेराव : कमरेपरेन घे नुसतं. आत बघ.

हनुमान : कोणी नाही.

खंडेराव : असंल की! आत्ता तर वाजत व्हतं.

हनुमान : कोणी नाही मामा. पांढरं धुकं आहे नुसतं. आतून पत्रा दवानं ओला आहे. एका जागी पुसल्यासारखा झालाय. माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर.

खंडेराव : हाताचा ठसा?

हनुमान : हात नाही. गोल आहे.

अदीबा : काका, स्क्रीनवर किती दाखवतंय?

खंडेराव : दोन. हनुमान गेटातनं आत गेला तसं दोन झालं.

अदीबा : म्हणजे आकडा बरोबर चाललाय. एक हनुमान, एक खरा माणूस. त्यांना पुढं जाऊ द्या.

खंडेराव : हनुमान, मागं जा, कॉम्प्रेसरकडं. तिथला पान्याचा नळ बघ. करीमभाई जुना जानता मानूस हाय, हा गॅस पान्यात मरतो हे त्याला ठावं हाय. जमिनीलगत बघत जा.

हनुमान : जातोय. दिसत नाही काहीच.

खंडेराव : बोलत राहा रं. गप बसू नको.

हनुमान : काय बोलू?

खंडेराव : काय बी बोल. शिव्या दे मला.

अदीबा : काका, तुम्ही बसा. तुम्हाला धाप लागलीय.

खंडेराव : ईदला पहिला शीरखुर्मा माझ्या घरी येतो, बेटा. करीमभाई सवता घेऊन येतो, रस्त्यात सांडत सांडत. माझी बायको सत्यशीला त्याला राखी बांधती. आन म्या साहेबाला सांगितलं, समदे बाहेर. म्या सांगितलं. फहमिदाभाभीला काय तोंड दावू? तुझा नवरा म्या वजा केला, असं म्हनू?

अदीबा : वजा करायला मी लावलं होतं.

खंडेराव : तू लांब हायेस. मी इथं व्हतो. मला त्या वाजन्यात मानूस ऐकू आला नाय.

हनुमान : मामा! सापडले! नळाखाली पडलेत. ओला रुमाल आहे तोंडावर. नळ चालूच आहे वरून.

खंडेराव : जित्ता हाय का?

हनुमान : आहे! डोळे उघडले. अरे चाचा, बोलू नका, आधी उठा. माझ्या गळ्यात हात घाला. असं. ...काय? नंतर सांगा ना.

खंडेराव : काय म्हनतोय?

हनुमान : म्हणतात, त्याला पण घे.

खंडेराव : कोनाला?

हनुमान : शटरजवळच्याला. मामा, मी तिथूनच आलो ना. तिथं कोण होतं?

अदीबा : हनुमानभाऊ, त्यांना विचारा, शटर तेच वाजवत होते का?

हनुमान : चाचा, तुम्हीच वाजवत होते ना शटर? ...नाही म्हणतात. पायात जीवच नव्हता, नळापासून हललो नाही म्हणतात. तो दुसरा वाजवत होता. ह्यांनी हाक मारली तर तो वळला. नुसता बघत राहिला. एवढ्या गॅसमधी पापणी हलवली नाही म्हणतात. मग परत तोंड फिरवून वाजवायला लागला.

खंडेराव : कशानं वाजवत व्हता?

हनुमान : कपाळानं.

अदीबा : हात... हातांनी का नाही?

हनुमान : हात दिसले नाहीत म्हणतात. खांद्याच्या खाली काहीच दिसलं नाही. धुकं असेल ना, मामा. धुक्यात कमी दिसतं. चला, मी निघालो. पळतोच आता. इथं थांबायचं नाही मला.

खंडेराव : ये बाबा, ये लवकर... बेटा? अदीबा? फोन कटला का काय?

अदीबा : आहे मी.

खंडेराव : मग बोल की, काय झालं?

अदीबा : काका, मी बनवून घेतलेला तो चेहरा. नमुन्याचा. तो फोटो खांद्यापर्यंतच होता.

खंडेराव : आन पापनी?

अदीबा : फोटोची पापणी कशी हलेल? तोंडही मिटलेलंच होतं. मला तसाच हवा होता. साधा, शांत, कुणासारखाच न दिसणारा.

खंडेराव : तोंड मिटलेलं. म्हून वरडला नाय.

अदीबा : असं बोलू नका. करीमचाचांच्या डोक्यात गॅस गेला होता. कुणाला काहीही दिसतं अशा वेळी.

खंडेराव : व्हय. त्याला दिसलं असंल काय बी. पन वाजत व्हतं ते तू बी ऐकलंस. आन तवा करीमभाई मागं नळाखाली व्हता, हनुमान शटराच्या बाहेर.

अदीबा : ऐकलं.

हनुमान : आलो, आलो! गेट सोडा! पाणी टाका चाचांवर, डोळ्यांवर टाका!

खंडेराव : धरा रं, धरा! सावलीत निजवा. करीमभाई! ए करीमभाई, हिकडं बघ! वळखलं का मला? ...वळखलं म्हनतोय. शिवी दिली मला. बेटा, शिवी दिली त्यानं! जित्ता हाय माझा भाई!

अदीबा : अलहम्दुलिल्लाह. काका, मी रडतेय इथं. ऑफिसात सगळे बघतायत माझ्याकडं.

खंडेराव : रड. मी कुठं हसायलोय?

अदीबा : स्क्रीनवर किती?

खंडेराव : शून्य. हे दोघं बाहेर आले तसं शून्य झालं. तुझं खरं लायसन्स खरंच बरोबर मोजतंय.

अदीबा : मग संपलं. मी संध्याकाळी येते तिकडं. तौफिकसरांना घेऊनच येते. काय झालं ते त्यांना करीमचाचांच्या खाटेजवळ उभं करून सांगायचंय. उद्यापासून त्या ऑफिसात मी असेन की नाही, माहीत नाही. नसले तरी चालेल.

खंडेराव : ये. भाकर खाऊन जा. पन एक सांग मला. सकाळी त्याला पुसलंस, तवा काय झालं?

अदीबा : काही नाही. यंत्रानं विचारलं, हा नमुना कायमचा काढायचा का? मी हो म्हटलं. गेला.

खंडेराव : कुठं गेला?

अदीबा : कुठं जाणार? काका, ते कुठं जात नाहीत. ते नसतातच.

खंडेराव : तुझ्याकडं नसंल. आमच्याकडं व्हता. आमी त्याला नाव दिलं, पोत्याचा आळ दिला, पंखा दिला. रोज आत मोजला. पन सांजच्याला बाहेर काढायचं कुनाच्या डोक्यात आलं नाय. ना तुझ्या, ना माझ्या.

अदीबा : बाहेर काढायची सोयच नव्हती त्याला.

खंडेराव : तेच तर म्हनतोय. आपला एक मानूस राहिला म्हून त्यानं शटर वाजवलं. त्याच्यासाठी कोन वाजवनार?

हनुमान : मामा, बंब आला. साहेब विचारतायत, झाले का सगळे बाहेर? शटर परत पाडायचं का म्हणतायत.

खंडेराव : मानसं समदी आली म्हनाव.

हनुमान : आणि शटर?

खंडेराव : ते घडीभर उघडंच राहू दे.